दोन्ही टोकांचा भाडेकरू



कोकणच्या किनाऱ्यावर घरांचे आणि घरजागांचे भाव चढत चालले आहेत, त्यावर काही बोलावे अशी चालकांची सूचना होती. भाव हा विषय दलालांना आमच्याहून अधिक कळतो, आणि तो सांगण्यासाठी त्यांना व्याख्यानाचे आमंत्रणही लागत नाही, एस. टी. च्या थांब्यावर ते भेटतात. आम्हांला जे थोडेफार कळते ते भावाच्या मागच्या गोष्टीविषयी. घर कोणाच्या नावावर आहे आणि ते त्या नावावर कसे आले, ही ती गोष्ट. जागेला भाव नसतो तोवर तिच्या कागदाकडे कोणी फिरकत नाही. भाव आला की पेटीतले जुने कागद बाहेर निघतात, चार पिढ्या एका चुलीवर जेवलेली माणसे वकिलाकडे जाऊ लागतात, आणि मग पुष्कळांच्या ध्यानात येते की ज्याला आपण आपले घर म्हणत आलो त्यावर आपले नावच नाही.

आज ज्याचा इतिहास सांगावयाचा ते कुटुंब तुमच्या ओळखीचे आहे. त्याचे एक घर किनाऱ्यालगतच्या वाडीत, माडाच्या सावलीत. दुसरे घर म्हणजे लालबाग-परळकडची एक खोली. अशा माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. लोक समजतात, हा दोन घरांचा धनी. वस्तुस्थिती अशी की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वर्गातला फार मोठा भाग दोन्ही टोकांना भाडेकरू होता. गावी पायाखालची जमीन खोताची, आणि मुंबईत डोक्यावरचे छप्पर चाळमालकाचे.

गावाकडून आरंभ करू. त्या काळचे रत्नागिरी आणि कुलाबा हे दोन जिल्हे म्हणजे खोतीचा मुलूख. (१९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला आणि कुलाब्याचे नाव रायगड झाले, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो.) खोत हा मुळात सरकार आणि कूळ यांच्यामधला वसूल करणारा माणूस. सरकारी धारा त्याने कुळांकडून गोळा करावा आणि सरकारात भरावा, एवढीच कल्पना. पण वसुली ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव जातो. ज्यांनी कापडगिरणीतला जॉबर पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभा राहिलेला तोही एक खोतच होता, आणि कामाला लावण्याबद्दल दस्तुरी घेणारा होता. गावच्या खोताकडून सुटलेला माणूस मुंबईत उतरला तो या दुसऱ्या खोताच्या दारात.

खोत सरकारात रोख भरी आणि कुळाकडून पिकात घेई. भातशेतीवर अर्धेलीची चाल पुष्कळ ठिकाणी होती, म्हणजे निम्मे पीक खोताचे. वेठीची कामे वेगळी. १८८० साली रत्नागिरी जिल्ह्यासाठी खोतीचा कायदा झाला, त्याने जुन्या कुळांना थोडे संरक्षण मिळाले. बाकीची कुळे खोताच्या मर्जीवरच राहिली. घराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? कुळाने आपल्या हाताने माती मळून भिंती घातल्या, सारवण केले, वर गवत घातले, तरी खालची जमीन खोताची. शेतातून काढलेल्या कुळाला घरातून काढणेही अवघड नव्हते. कोकणातल्या जुन्या गावात चिऱ्याची घरे कोणाची आणि कुडाची कोणाची हे पाहिले तर गरिबी हे एक कारण दिसेल. पण दुसरेही आहे. जिथून उद्या उठावे लागेल तिथे माणूस चिरा बसवीत नाही. मुंबईहून येणारी मनीऑर्डर घरावर न लागता मक्त्यात आणि सावकाराच्या व्याजात का जिरली, याचे आमच्या मते हे एक उत्तर आहे.

याविरुद्ध पहिली मोठी लढाई झाली ती अलिबागजवळ चरी या गावी. खाऱ्या पाण्याला बांध घालून काढलेली ती खारेपाटातली जमीन. बांध घालायचे आणि राखायचे कष्ट आगरी शेतकऱ्यांचे, आणि पीक जमीनमालकांचे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला: जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावे त्यात होती. संप १९३९ पर्यंत चालला. गिरणीचा संप सहा महिने चालला तर आम्ही त्याचे पोवाडे गातो. या माणसांनी आपली शेते सहा वर्षे पडीक ठेवली, लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. संप या शब्दाचा अर्थ शिकण्यासाठी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही गिरणगावाआधी चरीला जाऊन यायला सांगतो.

त्याच सुमारास, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पुस्तकांत या दोन गोष्टी दोन प्रकरणांत येतात. एक शेतकऱ्यांच्या, दुसरी कामगारांच्या. पण कोकणातल्या घराघरांत त्या एकाच पानावर आहेत. थोरला भाऊ कूळ आणि धाकटा गिरणीत, असे ते घर.

आता दुसरे टोक. मुंबई बेट समुद्राने वेढलेले आणि पुष्कळसे समुद्रातूनच काढलेले. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले. म्हणजे मुंबईत भाडे भरणारी पहिली मोठी कुळवाडी कंपनीच होय, आणि इतके स्वस्त भाडे या शहरात पुन्हा कोणाला मिळाले नाही. पुढे भर घालून जमीन काढावयाची आणि ती चढ्या भावाने विकावयाची, हा शहराचा धंदाच झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला तेव्हा बॅकबे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या शेअरांवर लोक तुटून पडले, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळा डोलारा बसला. १९२० नंतर सरकारने तोच समुद्र पुन्हा भरावयास घेतला. त्यातला घोटाळा वीर नरिमन यांनी उजेडात आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १९२८ साली ते त्यातून निर्दोष सुटले. याच भरावावर पुढे मरीन ड्राइव्हची घरे उठली. समुद्रासमोरच्या त्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. वारसा आहेच तो. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

मात्र ज्या १९२० साली सरकारने समुद्र भरावयास घेतला, त्याच साली त्याच खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार गाळे बांधण्याचाही संकल्प सोडला. हे खाते म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, ज्यावरून बी. डी. डी. चाळी हे नाव पडले. संकल्पाचा तिसरा हिस्साही पुरा झाला नाही. २०७ चाळी झाल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आरंभी यांतल्या पुष्कळ खोल्या ओस पडल्या होत्या. भाडे कामगाराला झेपेना, आणि बाजार, दिवे, पाणी यांची धड सोय नव्हती. सत्याग्रहाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग केला, यावरून ते बांधकाम कसे असेल त्याची कल्पना यावी.

बहुतेक गिरणी कामगार राहिला तो खाजगी चाळीत. बर्नेट-हर्स्ट यांचे १९२५ चे पुस्तक पाहावे. मुंबईचे कामगार कुटुंब म्हणजे एक खोली, असेच ते चित्र आहे. पण कोकणातला पुरुष पुष्कळदा कुटुंब आणीतच नसे. तो राहत असे गावकीच्या खोलीत. ही व्यवस्था ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजच्या घरांच्या भांडणांचे मूळ तिच्यातच आहे.

एका गावच्या, बहुधा एकाच वाडीच्या लोकांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावयाची. वीस, पंचवीस, कधी तीस माणसे तीत राहत. भिंतीला खुंट्या, पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, एका कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत निजे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडे. पावसाळा सोडला तर निम्मे लोक गच्चीवर किंवा फूटपाथवर झोपत. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. शेजारच्या खोलीत राहणारी एखादी बाई, जिचा नवरा आजारी किंवा बेकार, ती पंधरा-वीस जणांचे डबे-ताट करी आणि पगार झाला की पैसे घेई. या बाया सावकाराच्या विळख्यात होत्या; १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. खोलीचे नियम होते, हिशेबाची वही होती, दारूबद्दल दंड होता. नवा पोरगा गावाहून आला की त्याला खोलीत जागा मिळे आणि नोकरी लागेपर्यंत कोणी भाडे मागत नसे. विम्याची, बँकेची, नोकरीच्या कचेरीची आणि धर्मशाळेची कामे एकटी ती खोली करीत होती.

भाडेपावती मात्र एकाच्याच नावावर फाटे. ज्याने पहिल्यांदा खोली घेतली, किंवा ज्याची मालकाच्या भय्याशी ओळख होती, त्याचे नाव पावतीवर. बाकीच्यांना त्याचे काही वाटत नसे. भाडे सगळे वर्गणीने भरीत. पावती ट्रंकेत पडून राही.

या दोन टोकांचा एकमेकांशी संबंध काय, हे १९२८ च्या संपात दिसते. एप्रिलमध्ये सुरू झालेला तो संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. मालकांचा हिशेब असा की भाडे थकले आणि वाण्याने उधारी बंद केली की माणूस आपोआप फाटकाशी येईल. माणूस फाटकाशी न येता गावी गेला. एप्रिल ते ऑक्टोबर म्हणजे कोकणात भाजणी, पेरणी, लावणी, बेणणी आणि कापणीचा काळ. संपाच्या काळात हजारो हातांना शेतावर काम होते आणि पोटाला पेज होती. युनियनच्या निधीची चर्चा आम्ही फार करतो; पण मुंबईच्या संपांचा खरा निधी किनाऱ्यावरच्या त्या कुडाच्या घरांत होता. आणि उलट दिशेने, खोताशी भांडण करणाऱ्या कुळाला मुंबईच्या पगाराचा आधार होता. एका टोकाच्या जोरावर माणूस दुसऱ्या टोकाला ताठ उभा राहू शकला.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांत दोन्ही टोकांना कायदा आला. भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धापासून येऊन-जाऊन होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ते पक्के केले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभाडे धरावयाचे, आणि ते भरणाऱ्याला मालकाने हुसकावयाचे नाही. पाठोपाठ १९४८ चा कूळ कायदा आला. त्याच्या १६ व्या कलमाने कुळाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला काढण्यास बंदी झाली, आणि १७ व्या कलमाने त्या घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्यालाच मिळाला. शेतजमिनीच्या कलमांचा गाजावाजा झाला, या दोन कलमांचा झाला नाही. पण वाडीतल्या माणसाच्या जन्मात मोठी गोष्ट हीच होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

हे कायदे घरमालकांना आणि जमीनदारांना जाचक झाले अशी तक्रार आजही ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. भाडे गोठल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली, चाळी पावसात कोसळू लागल्या, आणि १९६९ साली दुरुस्ती मंडळ काढून सरकारला उपकर बसवावा लागला. १९ हजारांहून अधिक इमारती त्यात आल्या. पागडीचा काळा व्यवहारही त्यातूनच वाढला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली त्या गोठवलेल्या भाड्याला अवाजवी ठरविले आणि पुढे १९९९ चा नवा कायदा झाला. तरी एवढे म्हणणे भाग आहे की हे छत्र नसते तर गिरणगावातला कामगार दुसऱ्या पिढीपर्यंत मुंबईत टिकलाच नसता.

कायद्यातली आमच्या दृष्टीने खरी उणीव वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दोन्ही कायद्यांनी एका नावाला ओळखले. भाडे कायदा म्हणाला: भाडेकरू मेला तर त्याच्याजवळ राहणारा त्याच्या कुटुंबातला माणूस भाडेकरू. गावकीच्या खोलीतल्या पंचवीस जणांचा त्यात कुठे उल्लेख? ते कुटुंबातले नव्हते. कूळ कायदा म्हणाला: जो जातीने कसतो तो खरेदीदार. मग मुंबईत राबून जमिनीच्या किमतीचे हप्ते धाडणारा भाऊ कसणारा ठरला नाही. सातबारावर नाव लागले घरी राहिलेल्या थोरल्या भावाचे. पुष्कळ उताऱ्यांवर त्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरे असत. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ती तीन अक्षरे म्हणजे साऱ्या भावंडांचा हक्क. आणि ती एखाद्या फेरफारात गळून पडली, किंवा नक्कल करणाऱ्याने लिहावयाची सोडली, की बाकीचे भाऊ आणि त्यांची मुले कागदावरून नाहीशी होत. अशी कितीतरी घरे आम्ही पाहिली आहेत. पाहण्याचे कारण असे की गिरण्या बंद पडल्यापासून युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी कमी आणि घराच्या तक्रारी जास्त येतात.

गिरण्या कशा बंद पडल्या हे इथे सांगत बसत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कामगार या वेळीही गावी गेले. पण १९२८ ची आणि या वेळची परिस्थिती एक नव्हती. मधल्या काळात पुष्कळांनी कुटुंबे मुंबईत आणली होती, पोरे शाळेत होती, आणि गावचे शेत चार हिस्श्यांत वाटले गेले होते. पेज सहा महिने पुरली. नंतर पुरली नाही. मग गिरणगावातल्या खोल्या पागडीने विकल्या जाऊ लागल्या आणि माणसे नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर या बाजूंना पसरली.

१९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश शहराला आणि परवडणाऱ्या घरांना देऊ केला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा मोकळ्या जागेपुरता आकसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली. अर्ज दीड लाखाहून अधिक आणि घरे काही हजार.

त्याच नियमावलीत ३३ (७) हे कलम आहे. उपकर भरणारी जुनी चाळ पाडून नवी बांधली तर भाडेकरूला मालकी हक्काने फुकट घर; आरंभी किमान २२५ चौरस फूट, पुढे ३००. इथे ट्रंकेतली ती भाडेपावती बाहेर आली. जिच्या कागदाला चाळीस वर्षे कोणी विचारले नाही ती खोली एकाएकी लाखांची आणि मग कोटीची झाली. पावती ज्याच्या नावे त्याच्या नातवाला घर मिळाले. ज्या पंचवीस जणांच्या वर्गणीतून भाडे भरले गेले त्यांच्या नातवांना काही नाही. काही गावांनी शहाणपणाने पावती मंडळाच्या नावे करून ठेवली होती. त्यांची खोली गावाचीच राहिली, आणि मुंबईत इस्पितळाला किंवा मुलाखतीला आलेल्या गावकऱ्याला तिथे आजही पथारी मिळते. पावतीवर नाव कोणाचे, एवढ्याशा फरकाने हे झाले. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. शिवडीच्या चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर उभ्या असल्याने मागे राहिल्या.

शिवडीचा उल्लेख केला तो आणखी एका कारणाने. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू शिवडीहूनच निघतो आणि सुमारे बावीस किलोमीटरवर रायगड जिल्ह्यात उतरतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी बोट सुरू झाली. आणि आता हा पूल. ज्या वाडीत जाण्यास चाकरमान्याला रात्र मोडावी लागे तिथे शहरातला श्रीमंत मनुष्य शनिवारी सकाळी पोचून रविवारी रात्री परततो. त्याला तिथे सेकंड होम पाहिजे. किनाऱ्यावर भाव चढला याचे कारण नारळ महागला हे नव्हे. सरकारी पैशाने रस्ता, पूल, रेल्वे झाली आणि तिचा लाभ जमिनीच्या भावात येऊन बसला. हे मुंबईत बॅकबेला झाले, गिरणगावात झाले, आता आमच्या वाडीत होत आहे. मग हा लाभ कोणाच्या पदरी पडतो? जो विकतो त्याच्या; आणि विकू शकतो तो, ज्याचे नाव आहे.

म्हणून घरवाल्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती कराची नोंद आहे. पुष्कळ लोक तिच्यावर निर्धास्त असतात. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, हे कूळ कायद्याचे ६३ वे कलम. तेव्हा हातातला शेवटचा गुंठा विकणारा माणूस जमिनीबरोबर शेतकरीपणही विकत असतो आणि पुन्हा जमीन घेणे त्याला कठीण जाते. किनारा संरक्षणाचे नियम १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण ते घर ‘अधिकृत’ असावे लागते. कोळ्याचे घर नियमाच्या आधी शंभर वर्षांचे असले तरी ते अधिकृत आहे हे दाखवावयाचे कशाने? पुन्हा कागदच.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबाग-मुरुडच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. मुरूड, श्रीवर्धन, दापोली या भागांत कौले उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पंचनामे झाले तेव्हा आमच्या सभासदांपैकी कित्येकांच्या घराची नोंद मेलेल्या आजोबांच्या किंवा चुलत्याच्या नावे निघाली. घर शाकारणारा एक, मुंबईहून पत्रे पाठविणारा दुसरा, आणि मदतीच्या यादीत नाव तिसऱ्याचे. एका ठिकाणी तर दोन भावांनी निम्म्या-निम्म्या पडवीवर वेगवेगळे पत्रे घातले, आणि पाऊस मधल्या फटीतून दोघांच्याही घरात पडत राहिला.

बहिणींविषयी थोडे. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून भाव चढलेल्या गावांत हक्कसोड पत्रांचा सुकाळ झाला आहे. भाऊबीजेच्या आधी बहिणीची सही घ्यावयाची आणि भाऊबीजेला साडी द्यावयाची, हा व्यवहार आम्हांला निंद्य वाटतो. ज्या बहिणीने खोताच्या शेतात लावणी केली, तिच्याच मुलीने आता सही करून मोकळे व्हावे, हे कोणत्या न्यायाने?

गावठाणांच्या मोजणीचे काम अलीकडे ड्रोन उडवून होत आहे. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि २०२० पासून ते स्वामित्व योजनेखाली चालू आहे. आधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, वरून फोटो घेतात आणि मग मिळकत पत्रिका तयार होते. योजना चांगली आहे. पण ती गावठाणापुरती आहे आणि कोकणातले घर पुष्कळदा गावठाणात नसतेच. आमची वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. घर उभे असते ते सातबाराच्या नंबरात, आंब्या-फणसात. त्या घरांना ड्रोनचा उपयोग नाही. त्यांना उपयोग आहे तो वारस नोंदीचा.

ही नोंद करणे फार अवघड नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). मग संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि नंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. अडचण आहे ती माणसे एकत्र आणण्याची. एका घराला अकरा वारस. तिघे विरारला, दोघे डोंबिवलीला, एक बहीण गोव्यात दिलेली, एक पुतण्या आखातात. सगळे गावी जमतात ते गणपतीला. पण गणपतीत कचेरीला सुट्ट्या, आणि चाकरमान्याची रजा पाच दिवसांची, फार तर अकरा. पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत गाडी मुंबईला लागलेली असते. म्हणून आमच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांपासून निराळा क्रम धरला आहे. गणपतीत आरती झाल्यावर सगळ्या भावाबहिणींसमोर वंशावळ कागदावर काढावयाची आणि सह्या घ्यावयाच्या. बहिणींची नावे वगळून काढलेली वंशावळ आम्ही हाती घेत नाही. अर्ज मे महिन्यात करावयाचा, कारण त्या महिन्यात पोरांना सुट्टी असते आणि घरातले कोणी ना कोणी महिनाभर गावी असतेच. या मे महिन्यासाठी ज्यांच्या वंशावळी तयार आहेत त्यांनी सभा संपल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाशी नावे द्यावीत.